धोंडाबाईंचा प्रसंग

लातूरच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ऋतुजाचा सिनेमा लागला, तेव्हा तिला धास्ती होती ती परीक्षकांची. दुपारी मुखेडकडून एक क्रूझर येऊन थिएटरच्या फाटकाशी थांबली आणि ती परीक्षकांना विसरली. गाडीतून धोंडाबाई उतरत होत्या.

सिनेमाचं नाव 'तुरीचं रान'. नांदेडच्या ऋतुजानं चार मित्रमैत्रिणी हाताशी धरून, मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यात हिवाळाभर मुक्काम ठोकून तो केला होता. नायिका तेवढी नाटकात कामं करणारी. बाकी सगळी माणसं गावातलीच. धोंडाबाई सिनेमात नायिकेची शेजारीण झाल्या होत्या. एका प्रसंगात नायिका त्यांच्या ओट्यावर येऊन बसते आणि त्या तूर पाखडता पाखडता लांब असलेल्या लेकीविषयी दोन शब्द बोलतात, एवढंच ठरलं होतं. काय बोलायचं ते ऋतुजानं त्यांच्यावरच सोडलं होतं.

धोंडाबाई एरवी मोजकंच बोलायच्या. त्या दिवशी मात्र बोलतच राहिल्या. लेकीनं मनानं लग्न केलं, बापानं तिचं नाव टाकलं, आणि मग भावाकडं जाते असं सांगून आई गुपचूप हैदराबादला जाऊन नातवाला मांडीवर घेऊन आली, असं सगळं. सूप हातातच राहिलं होतं. कट म्हणायचं कुणाला सुचलं नाही. बाईंनी काय रचलंय, असं म्हणत ऋतुजा संध्याकाळी सगळ्यांना तेच तेच सांगत सुटली होती.

पण पुण्याला संकलनाला बसल्यावर तो प्रसंग आडवा येऊ लागला. तो आला की सिनेमा नायिकेचा राहायचा नाही, धोंडाबाईंचा होऊन जायचा. ऋतुजानं तो पुढं सरकवून पाहिला, मागं सरकवून पाहिला, निम्मा करून पाहिला, आणि शेवटी काढून टाकला. धोंडाबाई उरल्या त्या डोक्यावर घागर घेऊन नायिकेच्या दारावरून जाण्यापुरत्या. त्यांना कळवायला हवं होतं. आज करू, उद्या करू म्हणता ते राहूनच गेलं.

आणि आता त्या नवं लुगडं नेसून, जावा-नणंदा आणि शेजारपाजार घेऊन थिएटरच्या पायऱ्या चढत होत्या. मागं पांढरं धोतर, पांढरी टोपी घातलेले त्यांचे मालक, शेषेराव. आत नुकताच एक इराणी सिनेमा संपला होता. बाहेर पडणारी मंडळी थांबून या वऱ्हाडाकडं बघत होती.

धोंडाबाईंनी ऋतुजाचा हात धरून तिला पाण्याच्या जारपाशी बाजूला घेतलं.

"ह्यांना लई मिनतवारीनं आणलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तवा मी बोलले, ते समदं खरं हाय बाई. आमच्या स्वप्नालीचं. घरात तिचं नाव काढायची सोय न्हाई. म्हणलं, पडद्यावर ऐकतील. बाकीच्याला सिनेमा वाटंल. ह्यांना कळंल."

प्रसंग काढलाय हे सांगायला ऋतुजानं तोंड उघडलं. तेवढ्यात आत चला म्हणून हाक आली आणि सांगायची वेळ निघून गेली.

ती मुद्दाम त्यांच्या मागच्या रांगेत बसली. आपला सिनेमा मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा लागला होता, पण तिला दिसत होती ती धोंडाबाईंची पाठ. घागरीचं दृश्य आलं तेव्हा जावा खिदळल्या, एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. धोंडाबाई सावरून ताठ बसल्या. त्यानंतर त्या वाट बघत राहिल्या. ओटा दोनदा दिसला, दोन्ही वेळा रिकामा. शेवटी पडद्यावर नावं सरकली, त्यात त्यांचंही नाव गेलं, टाळ्या झाल्या, दिवे लागले, तरी त्या पांढऱ्या पडद्याकडंच बघत होत्या.

ऋतुजाला मंचावर बोलावलं. कुणी लांबलचक दृश्यांबद्दल विचारलं, कुणी नैसर्गिक प्रकाशाबद्दल. तिनं काहीबाही उत्तरं दिली आणि ती खाली उतरून थेट धोंडाबाईंकडं गेली.

"मावशी, तुमचा प्रसंग मी काढला. तुम्हाला कळवलंही नाही. चुकलं माझं."

धोंडाबाईंनी विचारलं, "वाईट झाला व्हता का?"

"नाही. फार चांगला झाला होता." पुढं सिनेमाचा तोल वगैरे सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते तिला तिथंच पोकळ वाटलं. "माझ्या लॅपटॉपवर आहे तो अजून. काकांना दाखवू?"

धोंडाबाईंनी मान हलवली. "एकट्याला बसवून दाखवला तर त्यो सिनेमा कसा व्हईल? ते माझंच सांगणं झालं की."

पडद्यामुळं या बाईला जो आडोसा मिळणार होता, तो ऋतुजानं काढून घेतला होता.

चहाचा कप घेऊन शेषेराव त्यांच्याकडं आले. त्यांना सिनेमा बरा वाटला होता. रान वळखू आलं, म्हणाले. मग बायकोकडं बोट करून त्यांनी विचारलं, "पण हिचं काम कुठं गेलं? लई बोलले, लई बोलले म्हणून ही वरीसभर सांगून राहिली होती. काय बोलली होती ही?"

ऋतुजा काहीतरी थाप मारणार होती. शब्द जुळवत होती, एवढ्यात धोंडाबाई म्हणाल्या, "दाखव त्यांना."

बाकीच्या मंडळींना पोस्टरपाशी फोटो काढायला धाडून तिघं मागच्या खोलीत गेली. तिथं खुर्च्या आणि उरलेल्या फलकांचा ढीग होता. ऋतुजानं लॅपटॉप उघडून लावून दिला आणि ती बाहेर निघाली, तर धोंडाबाईंनी तिचं मनगट धरलं. ती थांबली.

शेषेराव पुढं वाकून ऐकू लागले. आधी चेहऱ्यावर कौतुक होतं. लेकीचा विषय निघाला तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हैदराबादचं नाव आलं तेव्हा त्यांनी वळून बायकोकडं पाहिलं आणि परत समोर पाहू लागले. धोंडाबाई खाली फरशीकडं बघत होत्या.

ऋतुजा तो प्रसंग पुष्कळ दिवसांनी बघत होती. तो काढला हे बरोबरच होतं, हे तिला आताही दिसत होतं. तो ठेवला असता तर सिनेमा एका अंगाला कलला असता. पण त्या बरोबर असण्याचा या खोलीत काडीचा उपयोग नव्हता. बाईंचं बोलणं तिनं उचललं होतं, वापरायचं की नाही ते ठरवलंही होतं, आणि ते कुणासाठी बोललं गेलं हे विचारायचं तिच्या मनात कधीच आलं नव्हतं.

चित्र थांबलं. शेषेरावांनी मांडीवरची टोपी उचलून हातात घेतली.

"पोराचं नाव काय ठेवलं?"

"हरिओम."

"कधी गेली होतीस?"

"मागल्या साली, सुगीच्या आधी."

"आन मला..." एवढं बोलून ते थांबले. टोपी घातली आणि बाहेर गेले.

जाताना ते ड्रायव्हरशेजारी पुढं बसले, धोंडाबाई मागं बायकांत. गाडीत चढता चढता त्या ऋतुजाला म्हणाल्या, "पुढच्या टायमाला आधी सांगत जा, बाई." आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. महोत्सव संपेपर्यंत ऋतुजाचं मन दुसऱ्या कुठल्या सिनेमात लागलं नाही.

काही महिन्यांनी तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. स्वप्नाली बोलत होती. आईचा तो तुकडा तिला हवा होता. ऋतुजानं लगेच पाठवते म्हणून सांगितलं आणि भीत भीत विचारलं, वडील बोलतात का.

"माझ्याशी न्हाई अजून," स्वप्नाली म्हणाली. "पण ह्या बारीला आई चोरून आली न्हाई. आप्पांनीच तिला मोटरसायकलवर मुखेडच्या स्टँडला आणून सोडलं. कुठं चाललीस म्हणून विचारलं न्हाई. गाडी सुटायला लागली तसं खिडकीतून शेंगांची पिशवी आत दिली आन म्हणले, पोराला भाजून दे, कच्च्या दिल्या तर पोट दुखतं."