चुन्यातला डिंक

सेवास्तीने कुंडीतून रोप उपटलं तर बूड हातात आलंच नाही. काळं, लिबलिबीत होऊन मातीतच राहिलं. जाड पानांत पाणी साठवून अख्खा उन्हाळा काढणारं हे झाड, आणि दोन वर्षांत अकरा सडली! आईने लग्नात दिलेल्या झाडाचं आता एकच पिल्लू उरलं होतं.

"कालोतिना! किती पाणी ओतलंस गं माझ्या कुंड्यांत?"

कमरेएवढ्या भिंतीपलीकडे धाकटी जाऊ उभी राहिली. दोघींचे नवरे गेले, अंगणाचे दोन तुकडे झाले, भांडण तेवढं एकत्र राहिलं.

"जाऊबाई, माझ्या हौदात मला आंघोळीला पाणी नाही. तुमच्या झाडांना कुठून पाजू?"

"ते दिसतंच आहे तुझ्या अंगाकडे बघून."

सेवास्तीला माती कुणी शिकवायची गरज नव्हती. एक माप शेतातली तांबडी माती, दोन मापं ज्वालामुखीच्या तोंडाशी मिळणाऱ्या हलक्या, सच्छिद्र दगडाचा चुरा, तोही चाळून. मुठीत दाबून सोडली की भसकन सुटली पाहिजे. यंदा तिने चुरा दुप्पट घातला होता, कुंडीचं भोक मोठं केलं होतं. मग उरलं काय? जावेचं पाप.

तिने कुंडी भिंतीवर उपडी केली. वरची माती कोरडी, खालची कणकेसारखी ओली.

"हा बघ पुरावा!"

"पुरावा कुंडीच्या अंगावर आहे." कालोतिनाने आपली मळकी, खारवलेली कुंडी शेजारी आपटली. "हात लावा."

सेवास्तीने लावला. गार, दमट. भाजलेली माती पोटातलं पाणी बाहेर टाकत होती. स्वतःची पांढरीशुभ्र कुंडी बशीसारखी गुळगुळीत लागली.

"दोन वर्षांमागे मोठ्या शुक्रवारच्या मिरवणुकीत तुमच्या काळ्या झग्याला मागून कुंडीचा चुना लागला आणि मी हसले. तेव्हापासून चुना सुटू नये म्हणून त्यात डिंक घालून कुंड्या रंगवता तुम्ही. कुंडीचं नाकतोंडच बुजवलंत!"

"तुला दोन वर्षं ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि बोलली नाहीस?"

"विचारलंत कधी? शिव्याच दिल्यात."

सेवास्तीने घरात जाऊन दार आपटलं. परवा मोठा शुक्रवार, ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या मरणाचा दिवस. ख्रिस्ताची फुलांनी मढवलेली शवपेटी तिच्याच फाटकावरून जायची, मागून सगळं गाव. त्या दिवशी ज्या बाईच्या अंगणात एक पायरीही चुन्याविना राहिली, तिचं नाव पुढच्या ईस्टरपर्यंत चघळलं जातं.

तिने तारेच्या ब्रशने कुंडी घासघासून पाहिली. डिंक हटेना. शेवटी खुराड्यात कोंबड्यांचे दाणे ठेवायची, काठ फुटलेली, बिनचुन्याची कुंडी तिने धुतली. पिल्लाची मुळं झटकून दोन दिवस सावलीत सुकवली, शुक्रवारी सकाळी लावलं. पाणी घातलं नाही.

संध्याकाळी मिरवणूक आली. पायऱ्या पांढऱ्या, भिंत पांढरी, आणि फाटकाच्या खांबावर ती तांबडी, फुटकी कुंडी. पाद्र्यांची बायको मेणबत्ती उंचावून थांबली.

"सेवास्ती, ही राहिली वाटतं गं?"

भिंतीपलीकडे कालोतिना तोंडावर रुमाल धरून वाट बघत होती.

"राहिली नाही," सेवास्ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ठेवली. आणि तू गं, रुमाल काढून हस. निदान दात तरी घासलेत का ते कळू दे गावाला."