काळ्या टोपीचा खंड्या

पक्षीमंडळात त्यांना सगळे ‘घारमास्तर’ म्हणत. शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेला आणि नजर अशी, की बाकीच्यांनी दुर्बिणी गळ्यात अडकवेपर्यंत यांना पक्षी सापडलेला असायचा. त्या नजरेच्या ऐन मधोमध आता काळा डाग पसरत चालला होता. हे त्यांना आणि बायकोला सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. बायकोचं चष्म्याचं दुकान होतं. तिथल्याच खुर्चीत बसवून तिने अक्षरांचा तक्ता दाखवला, तेव्हा मास्तर म्हणाले, “मधली अक्षरं कोणी पुसली गं?” पुढे मोठ्या डॉक्टरांनीही हात टेकले.

“मंडळात बोलू नकोस,” मास्तर म्हणाले. “उन्हाळ्याची सहल तेवढी होऊ दे.”

सहल होती काळ्या टोपीच्या खंड्यासाठी. त्या तळ्यावर हा पाहुणा क्वचितच उतरायचा, आणि मास्तरांना तो आजवर हुलकावणीच देत आला होता. बायकोला पक्ष्यांचं काडीचं वेड नव्हतं, तरी या वेळी ती बसमध्ये त्यांच्या शेजारी येऊन बसली.

“वहिनी, आज तुम्ही कशा काय?” मंडळाचा प्रमुख असलेल्या कंपाउंडरने विचारलं.

“घारीवर नजर ठेवायला,” ती म्हणाली. सगळी बस हसली.

तळ्याकाठी ऊन मी म्हणत होतं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग मास्तरांनी एकदम हात उंचावला. “तो बघा! पलीकडच्या वाळक्या फांदीवर. निळा!”

सगळ्या दुर्बिणी वळल्या. जो तो दुर्बीण पुन्हा पुन्हा जुळवू लागला. बँकेत काम करणारी मंडळातली एक नवी सभासद “अय्या, हो! दिसला!” म्हणून मोकळी झाली. घारमास्तर चुकतील कसे? शेवटी कंपाउंडर हलकेच म्हणाला, “मास्तर, प्लास्टिकची पिशवी आहे ती.”

मास्तरांनी मस्करी केली असं समजून कोणीतरी हसलं. मास्तरही हसले, जरा जास्तच मोठ्याने. मग “पाय आखडले” म्हणत ते लांब एका दगडावर जाऊन बसले. बायको मागोमाग गेली. दोघांनी डब्यातलं खाल्लं.

दुपार कलली आणि तो आला. अगदी समोर, पाण्यात रोवलेल्या खांबावर. तिकडे मंडळी दुर्बिणी रोखून उभी. तिने मास्तरांचं कोपर धरलं. “अहो, आलाय. समोरच.”

मास्तरांनी दुर्बीण लावली, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग दुर्बीण मांडीवर ठेवली.

“तू सांग.”

“डोकं काळं. गळ्याशी पांढरा पट्टा. चोच लाल.”

“लाल म्हणजे कुठला लाल?”

तिला रडू फुटलं. चष्म्याच्या काचा पुसण्यात हयात गेली, पण लाल तो लाल, एवढंच तिला माहीत. “आपली धाकटी पहिल्यांदा शाळेत गेली,” ती कशीबशी म्हणाली, “तेव्हाचं तिचं दप्तर.”

“हां,” मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे थोडा नारिंगीकडे झुकलेला. आणि पाठ? निळी ना? कशी निळी?”

ती डोळे पुसून शब्द शोधू लागली. घरातले पडदे आठवले, साड्या आठवल्या, एकही जुळेना. तेवढ्यात खंड्याने पंख उघडले.

“उडाला?”

“उडाला हो.”

“निळा राहिला,” मास्तर म्हणाले.

पलीकडे आनंदाला उधाण आलं होतं. कंपाउंडर धावत आला. “मास्तर, पाहिलात ना? तुमचाच पक्षी!”

मास्तरांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि त्याच्या हातात दिली. “नाही रे. मला आता दिसत नाही. सकाळी पिशवीसुद्धा धड दिसली नव्हती.”

कंपाउंडरने मास्तरांच्या बायकोकडे बघितलं. तिने होकारार्थी मान हलवली. तेव्हा तो दुर्बीण छातीशी धरून मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत लहान मुलासारखा रडू लागला. मास्तर त्याची पाठ थोपटत राहिले.