कोमट म्हणजे किती?

मित्रांनो, मला हसू नका. माझ्या काठाचा टवका उडालेला आहे आणि बुडाला रबरी नळी जोडलेली आहे, तरी मी खानदानी काचेचे नरसाळे आहे. माझी चुलत भावंडे दुकानांत तेल आणि रॉकेल ओतत जन्म काढतात. माझ्या नशिबी हरणांच्या लेंड्या आल्या.

जंगलाला लागून जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांचा एक दवाखाना आहे. तिथे खिडकीजवळच्या ओट्यावर, लोखंडी स्टँडच्या कडीत मी तीस वर्षे उभे आहे. मलमलच्या फडक्यात लेंड्यांची पुरचुंडी बांधून माझ्या तोंडात टांगतात आणि कोमट पाणी ओततात. हरणाच्या फुफ्फुसात जंत असतील, तर त्यांची पिल्ले लेंड्यांतून बाहेर पडतात. पाण्याची ऊब लागली की ती वळवळत फडक्याबाहेर येतात आणि माझ्या नळीच्या तळाशी साचतात. सकाळी नळीचा चिमटा सैल करून दोन थेंब काचपट्टीवर घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मेलेले पिल्लू मात्र फडक्यातच राहते. एवढे लक्षात ठेवा, पुढचे सगळे यावरच घडले.

पाणी ओतायचे काम कोमटकाकांचे. त्यांचे खरे नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणी घेत नसे. किटलीतले पाणी आधी मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायची, ही त्यांची रीत. नवे डॉक्टर विचारत, "काका, कोमट म्हणजे किती?" काका म्हणत, "तान्हं बाळ अंघोळीला रडणार नाही, इतकं." माझ्या अनुभवाने सांगते, पाणी तंतोतंत तेवढेच असे. लांबलांबचे डॉक्टर त्यांचा हात बघायला येत. मलाही तेव्हा दोन शब्द कौतुकाचे मिळत.

मग पाणी गरम होऊ लागले. एकदम नाही, दर महिन्याला थोडे थोडे. काका मनगटावर ओतत, डोळे मिटत, मान हलवत, आणि मी आतून पोळत असे. मी चांगल्या काचेचे होते, हेच वाईट झाले. हलक्या काचेचे असते तर तडकले असते आणि कुणीतरी विचारले असते, काय झाले म्हणून.

नव्या डॉक्टरबाईंनी एकदा थर्मामीटर आणला होता. काका हसले. "हातच्या काकणाला आरसा कशाला, बाई?" बाईंना वाटले, इतक्या वर्षांच्या माणसाचा मान कशाला मोडा. थर्मामीटर डबीसकट ड्रॉवरमध्ये गेला.

त्या वर्षी पाच पोरकी पाडसे आली. त्यांना बाटलीने दूध पाजायचे काम मावशींचे. सगळ्यात लहान पाडस मावशींच्या मागे मागे फिरे, म्हणून तिचे नाव पडले शेपूट. शेपूट खोकू लागली. मावशी ताज्या लेंड्या घेऊन आल्या. "काका, पोर खोकते हो माझी. नीट बघा."

काकांनी तीन दिवस तीनदा बघितले. तिन्ही वेळा मला चटका बसला, आणि पुरचुंडीतला जीव पाणी लागताच मेला. माझ्या तळाशी काही आले नाही.

"साफ आहे, मावशी. दुधाचा ठसका लागला असेल."

डॉक्टरबाईंनी कागदावर 'साफ' लिहिले. पाचही पाडसांना कुरणात सोडले. तिथे रानातला मोठा कळप चरायला येतो. आजारी पाडसाच्या लेंड्यांतून किडे गवतावर चढतात, ते गवत दुसरे हरीण खाते आणि किडे त्याच्या फुफ्फुसात घर करतात. याला कुंपण आड येत नाही.

दोन महिन्यांनी वनरक्षकाने शेपूटला खांद्यावरून आणले. ती मेली होती. नाकाला फेस होता. डॉक्टरबाईंनी माझ्यासमोरच्या टेबलावर तिची छाती उघडली. श्वासनळी पांढऱ्या दोऱ्यांनी गच्च भरली होती, आणि ते दोरे हलत होते. वनरक्षक म्हणाला, "सकाळी कुरणात गेलं की नुसता खोकला ऐकू येतो. अकरा हरणं मेलीत."

"पण आपण तीनदा बघितलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पुन्हा बघतो," म्हणत काकांनी शेपूटच्याच आतड्यातल्या लेंड्या फडक्यात बांधल्या, किटली उचलली आणि मनगटावर धार सोडली. मनगटावरून वाफ निघत होती.

"काका, थांबा. हात बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. मनगटावर फोड होते, काही जुने, काही ताजे. "हे कधी भाजलं?"

काकांनी दुसऱ्याच कुणाचा असावा तसा स्वतःचा हात पाहिला. "कुठं? मला तर कळलं नाही." मग हळूच म्हणाले, "मुंग्या येतात अधूनमधून. साखरेमुळे असेल. म्हटलं, काय सांगायचं."

डॉक्टरबाईंनी ड्रॉवर उघडला. डबीवरचे वेष्टन अजून तसेच होते. या वेळी पाणी थर्मामीटरने मोजून ओतले. सकाळी माझ्या नळीत बोटभर धुरकट गाळ साचला होता आणि तो सगळा वळवळत होता. मावशींनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि म्हणाल्या, "तीनदा सांगितलं की हो माझ्या पोरीनं."

कुरणात औषध घातलेले मिठाचे खडे ठेवले. काही हरणे वाचली, बरीच गेली. मी ती पाहिली नाहीत. मी पाहिले ते एवढेच, की एका हाताचे सगळ्यांनी कौतुक केले आणि त्याची विचारपूस कुणी केली नाही. मित्रांनो, वस्तू जपा, जनावरे जपा, पण ज्याच्यावर तुमचा फार भरवसा आहे त्याला अधूनमधून विचारा, तुझे काही दुखते का? आणि तुमचे काही दुखत असेल, किंवा दुखायचे थांबले असेल, तर लपवू नका.

आता थर्मामीटर माझ्याच स्टँडला टांगलेला असतो आणि पाणी मावशी ओततात. काका शेजारच्या स्टुलावर बसून बाटल्यांना चिठ्ठ्या लावतात. रोज संध्याकाळी सवयीने त्यांचे मनगट धारेखाली येते, आणि ते विचारतात, "कोमट आहे का हो?"

मावशी आकडा सांगतात. त्यापलीकडे त्यांच्याशी बोलत नाहीत.