तिसरीतलं कुणीही

आमचे मुख्याध्यापक नरहरी गुरुजी चाफेआळीतलेच. भुईगावच्या अलीकडे ही आळी, तिच्या टोकाला आमची मराठी शाळा आणि शाळेमागे गुरुजींची केळीची बाग. स्वभावाने लोण्याहून मऊ माणूस. व्यसन एकच, वार्षिक अहवालाचं. जानेवारी लागला की ते कार्यालयाचं दार ओढून घेत आणि शाळेच्या प्रगतीबद्दल लिहायला बसत. प्रगती खरंच कुठवर आली आहे हे बघायला मात्र बाहेर येत नसत. 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाची घोडदौड' हे शब्द मी इथे रुजू झाले तेव्हाही अहवालात होते, आणि नंतर दरवर्षी राहिले. त्या घोड्याला एव्हाना धाप लागली असणार.

स्नेहसंमेलनात हा अहवाल वाचला जाई. आळीतली माणसं मुलांचे नाच बघायला यायची आणि त्याआधी अहवाल सोसायची. २००२ सालच्या संमेलनात माइक खरखरला नाही, वीजही गेली नाही, त्यामुळे टाळ्या जरा जास्त पडल्या. झालं, गुरुजी हरभऱ्याच्या झाडावर चढले. कागद बाजूला ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी हा अहवाल मी वाचणार नाही. मीराबाईंची दुसरीची मुलं तेव्हा तिसरीत असतील. त्यांतलं कुणीही उठेल आणि वाचेल. नाव तुम्ही सांगायचं."

मीराबाई म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या रांगेतून जयवंततात्या उठले. हे आळीतले मोठे बागायतदार आणि ग्राम शिक्षण समितीचे अध्यक्ष. बोलायचे कमी, पण बोललेलं विसरायचे नाहीत, स्वतःचंही आणि दुसऱ्याचंही.

"गुरुजी, शब्द ध्यानात ठेवतो," ते म्हणाले. "पोरानं वाचलं तर माझा पहिलीतला नातू भावेश इथंच शिकेल. नाय वाचलं, तर त्यानंतरच्या जूनपासून तो इंग्रजी शाळेच्या गाडीत बसेल."

लोक हसले, मी हसले नाही. तात्या जे करतात ते आळी करते. भावेश गाडीत बसला की आळीतली निम्मी मुलं त्याच्या मागोमाग बसणार. मुलं घटली की शाळेला एक शिक्षक जास्त होतो, आणि तो जास्तीचा शिक्षक नेहमी नोकरीत सर्वांत नवा असतो. म्हणजे पुन्हा मीच. मला पार पूर्वेला, चांदीपकडे कुठेतरी पाठवलं असतं. चांदीपबद्दल माझी काही तक्रार नाही, तिथेही मुलंच असतात. पण मी मूळची साताऱ्याकडची, राहायला नालासोपाऱ्यात, या आळीशी माझं नातं एसटीच्या पासापुरतं आहे असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी कळलं की तसं काही नाही. मला ही मुलं सोडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी एकेकाला वाचायला उभं केलं. मुलं धडाधड वाचत होती. मला बरं वाटायला लागलं होतं. मग बेलाची पाळी आली. बेला अबोल पोर, मान खाली घालून, पण न अडखळता वाचत होती. वाऱ्याने तिच्या पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली. चित्रातला उंदीर गेला आणि आगबोट आली. बेला उंदीरच वाचत राहिली.

मग मी सगळ्यांचीच पुस्तकं मधेच कुठेतरी उघडली, आणि माझी पाचावर धारण बसली. दोघा-तिघांना सोडून कुणालाच वाचता येत नव्हतं. घरी या मुलांची बोली निराळी, पुस्तकातली मराठी निराळी. कळत नाही ते पाठ करून टाकायचं, हा उपाय त्यांनी आपापला शोधून काढला होता. पोरं हुशारच होती, तेच तर दुखणं होतं.

पुढचे महिने मी नाना युक्त्या केल्या. फळ्यावर गोष्टी लिहिल्या. दोन दिवसांत त्या पाठ. अक्षरांचे पत्ते केले. पत्त्यांचे कोपरे कुठे दुमडलेत ते बघून मुलं अक्षर सांगायला लागली. तिसरी सुरू झाली, दिवाळी आली, आणि मी घायकुतीला आले. शेवटी एका दुपारी बेलाच्या घरी गेले.

बेलाची आजी फ्लॉसीमावशी ओट्यावर भाजीच्या जुड्या बांधत होती. दुपारी आळीतल्या चार-पाच जणी तिच्या ओट्यावर जमायच्या. त्यांत तात्यांची बायको प्रेमलतावहिनीही असायची. माठाच्या, मेथीच्या जुड्या केळीच्या सोपटाने बांधायच्या, टोपलीत रद्दी पसरून त्यावर रचायच्या आणि पहाटे मुंबईच्या बाजारात न्यायच्या.

"बाय, बस," फ्लॉसीमावशी म्हणाली. "बेला वाचत नाय म्हनून आलीस ना? मी काय करू? मला कुठं वाचाला येते? त्या कागदावर वाघाचा फोटो हाय बघ. त्याचं काय झालं तेवडं सांग, सकाळपासून जीव लागलाय."

वाघ नव्हता, बिबट्या होता. कुठल्याशा गावात विहिरीत पडला होता. मी रद्दीचा तो कागद वाचायला घेतला. गावकऱ्यांनी विहिरीत बाज सोडली, बिबट्या बाजेवर चढला, दोर ओढायला लागले, आणि माझी एसटी यायची वेळ झाली. मी कागद बेलाच्या हातात दिला आणि पळाले.

सकाळी बेला शाळेच्या दारातच उभी होती. डोळे तारवटलेले.

"बाई, 'वनरक्षक' म्हणजे काय?"

बेलाने मला आपणहून प्रश्न विचारल्याचं मला आठवत नव्हतं. मी गेल्यावर बायकांनी तिला सोडलंच नव्हतं. पाठ म्हणायची सोय नाही, कारण तो कागद आधी कुणी वाचलेला नाही. गप्प बसायची सोय नाही, कारण बिबट्या अधांतरी आणि पाच बायका डोळे वटारून बसलेल्या. बेलाने अक्षर अक्षर जुळवून त्याला वर काढला. पण वर आल्यावर तो कुणाच्या अंगावर गेला की रानात, तेवढा भाग फाटून प्रेमलतावहिनीच्या टोपलीत गेला होता. दुसऱ्या दिवशी वहिनीने भाजी विकली आणि टोपलीच्या तळचा तो ओला तुकडा कमरेला खोचून मुंबईहून परत आणला. बिबट्या रानात गेला होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मला हवं ते सापडलं होतं. या बायकांचे हात अडकलेले असतात, कान मोकळे असतात. मी तिसरीची मुलं दुपारच्या शेवटच्या तासाला आळीतल्या ओट्यांवर वाटून टाकली. रद्दीतलं काहीही वाचायचं, फक्त नवं पाहिजे. बायका माझ्यासारख्या सोशिक नव्हत्या. 'शाब्बास बाळा' वगैरे काही नाही. "रडत वाचू नको, मेलेल्या मानसाची बातमी हाय का ती?" असं तोंडावर सांगायच्या. एखादा शब्द कळला नाही की वाचणाऱ्यालाच अर्थ विचारायच्या, आणि त्याने थाप मारली तर त्यांना बरोबर कळायचं. मुलं मग पुस्तकी मराठी त्यांना आपल्या बोलीत समजावून सांगायची, आणि समजावता समजावता स्वतःच समजायची. फ्लॉसीमावशीची तक्रार एवढीच, की गोष्ट रंगली की हात भान सोडतात आणि जुड्या जाड बांधल्या जातात.

गुरुजी मात्र धास्तावले. "मीराबाई, साहेब तपासणीला आले तर काय सांगू? आमची मुलं रद्दी वाचतात?"

"हो, तेच सांगा."

त्यांनी दोन दिवस विचार केला आणि अहवालात लिहिलं, 'लोकसहभागातून प्रकटवाचन-संवर्धन उपक्रम'. मी वाद घातला नाही. ओट्यावर कुणी ते वाचणार नव्हतं.

संमेलन जवळ आलं आणि माझा मुलगा तापाने आजारी पडला. मी थोडे दिवस रजेवर होते. परत आले तर तिसरीच्या वर्गातून एका सुरात आवाज येत होता, "सर्वांगीण विकासाची घोडदौड, येथे थांबून पाणी पिणे, तसेच क्रीडाक्षेत्रातही." गुरुजींनी अहवाल लिहून दिला होता आणि पोरांनी तो कंसातल्या सूचनांसकट पाठ केला होता.

मी संतापले. मुलांना मैदानावर पाठवलं आणि गुरुजींना काय वाटेल ते बोलले. वर्षभर मी जी खोड मोडत आले, तीच तुम्ही घोटून पक्की केलीत, म्हणाले. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमची पोरं वाचतात, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण शब्द मी दिला होता. भीती मला वाटते ना." त्यांचा चेहरा बघून माझा राग उतरला. भीती मलाही वाटत होतीच.

संमेलनाला आळी लोटली. गुरुजी माइकपुढे उभे राहिले, खोकले आणि म्हणाले, "नाव सांगा."

तात्या उठले. मागे वळून त्यांनी मुलांवर नजर फिरवली. "बेला," ते म्हणाले.

साहजिकच होतं. घरचे आणि ओट्यावरच्या बायका सोडल्या तर बेलाचा आवाज आळीत कुणी ऐकलेला नव्हता. ती स्टेजवर आली तेव्हा माइक तिच्या डोक्याच्या वर होता. गुरुजींनी तो वाकवला आणि अहवाल तिच्यापुढे धरला.

"तो नको," तात्या म्हणाले. "तो आमच्या भावेशलासुद्धा पाठ झालाय. घरी पाण्याचा पेला घेतला की म्हणतो, येथे थांबून पाणी पिणे."

हशा झाला. गुरुजींचे कान लाल झाले. तात्यांनी खिशातून घडी घातलेला एक गुळगुळीत कागद काढून बेलाला दिला. इंग्रजी शाळेने पालकांसाठी छापलेलं ते माहितीपत्रक होतं, पालकांना कळावं म्हणून मराठीत. "हे वाच."

बेलाने कागद उलगडला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत थांबली. 'व्यक्तिमत्त्व' शब्द होता. गुरुजी डोळे मिटून उभे होते.

"अगो, दम घे आनि फोड त्याला," बायकांतून फ्लॉसीमावशीचा आवाज आला.

"व्य. क्ति. मत्त्व," बेला म्हणाली. "व्यक्तिमत्त्व विकास. प्रशस्त इमारत. गाडीची सोय घरापर्यंत." आता ती थांबेना. ओट्यावर वाचायची तशीच वाचत होती, मोठ्याने, समोरच्यांना कळतंय ना ते बघत. मैदान झालं, गणवेश झाला, मग नियम आले. "पालकांनी घरी पाल्याशी केवळ इंग्रजीतच बोलावे. आजी-आजोबांनीही हा नियम कटाक्षाने पाळावा." तिने मान वर केली आणि सवयीने बायकांना सांगितलं, "म्हंजे आजीनं नातवाशी आपलं बोलाचं नाय. इंग्रजीतच बोलाचं. नायतर गप बसाचं."

मग प्रेमलतावहिनी उभी राहिली.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही हे वाचलं होतं?"

तात्यांनी नव्हतं वाचलं. त्यांच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. बहुधा गाडीचा मार्ग बघून त्यांनी कागदाची घडी घातली असावी.

"मग भावेशला मी जेवाला हाक कशी मारू? त्याच्या पोटात दुखलं तर तो मला सांगेल कसा? आनि तुम्ही हो? रात्री त्याला पाठीवर घेऊन बागेत फिरवता, तवा त्याच्याशी काय बोलाल?"

तात्यांनी भावेशकडे पाहिलं. तो मुलांच्या रांगेत बसून आजोबांना हात करत होता.

"इंग्रजी यायला पाहिजे," तात्या म्हणाले. आवाज खाली आला होता. "आमचं अडलं तसं पोरांचं अडू नये, एवढंच होतं माझ्या मनात."

"पहिलीपासून आहे आपल्याकडे आता," मी बसल्या जागेवरून म्हणाले. "ते वाचायलाही कुणीतरी ऐकणारं लागेल, तात्या."

"मला कळणार नाय त्यातलं."

"मुलं समजावतील. बायकांना समजावतात तशी."

तात्यांनी मान डोलावली. "गुरुजी, पुढल्या वर्षाच्या योजनेत लिहा. माझ्या ओट्यावर इंग्रजी वाचन. ऐकायला मी बसेन. भावेश इथंच राहील." मग ते बेलाकडे वळले. "छान वाचलंस, पोरी. आण तो कागद."

मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं आणि मी ते पुसलंही नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले. गुरुजी पुढचा नाच सोडायला पडद्याकडे वळले.

बेला माइक सोडेना. कागद तिने छातीशी धरला होता.

"तात्या, मागचं पान राहिलंय," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. तात्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि ते खुर्चीत नीट टेकून बसले.

"वाच," ते म्हणाले.