वाकलेल्या बाईचं तोंड

कशेळीच्या नव्या गोदामाचं ऑफिस सजलं, तेव्हा केसरीनाथशेठनी सुकन्याला बोलावून माणसाएवढं चित्र सांगितलं. "भाताच्या आवणीचं काढ. इथं आमची शेती होती, येणाऱ्याला कळू दे."

सुकन्या भिवंडीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. आवणी बघायला तिला लांब जावं लागणार नव्हतं. तिची आई गुणाबाई जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात रोपं लावत आली होती.

पावसाळाभर खपून तिनं खारबावच्या घरात चित्र पुरं केलं. राखाडी आभाळ, पोटरीभर चिखल आणि त्यात कमरेतून वाकलेली एक बाई. शेठ बघायला आले आणि कितीतरी वेळ जागचे हलले नाहीत.

"काय कष्ट दाखवलेस गं," ते म्हणाले. "सोमवारी टेम्पो आणतो."

ते गेल्यावर गुणाबाई पदराला हात पुसत पुढं आली.

"ही मी हाय?"

"हो, आई."

"मंग माजं तोंड कुठं हाय?"

"वाकल्यावर तोंड दिसत नाही."

"आख्खा दिस काय वाकूनच व्हते? कंबर धरून उभी पन ऱ्हायचे. बांधावरून कुनी बोलला तर त्याला शिव्या पन द्यायचे." एवढं बोलून ती आत निघून गेली.

सुकन्याचं शाळेत लक्ष लागेना. घरी आली की चित्रावर कापड टाकायची, काढायची, पुन्हा टाकायची. रविवारी सकाळी तिनं ब्रश उचलला, तो दिवे लागल्यावरच खाली ठेवला. बाई आता ताठ उभी होती. एक हात कमरेवर, दुसऱ्यात रोपांची जुडी, आणि नजर थेट समोरच्यावर रोखलेली.

सोमवारी शेठ टेम्पोबरोबर आले आणि दारातच थबकले.

"ही माझ्याकडं अशी का बघते?"

"ती अशीच बघते."

"ऑफिसात चार माणसं येतात, सुकन्या. आधीचं होतं तसंच करून दे."

"तिचं तोंड आता मी झाकणार नाही, शेठ."

शेठ रागावले नाहीत. टेम्पो मात्र रिकामाच गेला.

आधीचं चित्र जास्त चांगलं उतरलं होतं. ते पाणी, तो उजेड, तो पाठीचा बाक. सुकन्याला हे आतून ठाऊक होतं आणि ते तिला स्वस्थ बसू देईना. एका संध्याकाळी गुणाबाईनं शेजारच्या ठकुबाईला हाताला धरून चित्रापुढं आणलं.

"वलख बरं, कोन हाय?"

"तूच की. पन कुनावर चिडलीस गं एवढी?"

गुणाबाई पोटभर हसली. सुकन्या त्या दोघींकडं बघत राहिली, मग आईचं ते हसणं काढायला दुसरा कॅनव्हास ताणू लागली.