निकिताचं मांजर

सोमनाथ सातपूरच्या कारखान्यात ज्या मशीनवर उभा राही, ते दिवसभर लोखंड गार ठेवणाऱ्या पांढऱ्या कूलंटच्या पाण्यात भिजे. तरी त्या मशीनला कधी शिंकसुद्धा आली नाही. दसऱ्याला त्याला हार घालायचा, नारळ फोडून पाणी शिंपडायचं, की वर्षभर ते कुणाची बोटं मागत नाही, एवढंच मशीनचं शास्त्र सोमनाथला ठाऊक.

घरात आलेला लॅपटॉपही मशीनच. कंपनीतल्या साहेबानं जुना म्हणून टाकलेला, पण सातवीतल्या निकिताचा पहिला. शाळेतल्या चैताली मॅडमनी मुलांना करामती दिल्या होत्या. माऊस धरून स्वतःचं नाव काढा, घर रंगवा, शेवटी पडद्यावरचं मांजर नदीपार न्या. मांजर पार नेईल त्याला शाळा जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवणार. शाळेत करून दाखवायला लॅपटॉप ज्याचा त्यानं आणायचा.

"उंदीर हातात धरून मांजर हाकती का गं?" सोमनाथ चिडवायचा.

"पप्पा, तुम्ही गप बसा, ते बुडतंय."

आठवडाभर ते बुडलंच. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र दगडादगडावरून उड्या मारत पलीकडे गेलं. सोमनाथनं ते पुन्हा पुन्हा बघितलं. पोरगी आपल्यासारखी कूलंटचा वास घेत म्हातारी होणार नाही, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

सकाळी निकिता झेंडूची फुलं आणायला गेली. सोमनाथच्या बायकोनं, भाग्यश्रीनं, पाटीपूजेचा पाट मांडला.

"पाटी कुठंय हिची?"

"आता हीच पाटी," म्हणत सोमनाथनं लॅपटॉप ठेवला, उघडून चालूही केला. देवापुढं तोंड मिटून कशाला बसवायचा? हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि ओंजळभर पाणी बटणांवर सोडलं. पडदा थरथरला आणि काळा झाला.

निकिता दारात उभी होती. "काय केलं, पप्पा?"

"पूजा."

ती रडली नाही. फुलं खाली ठेवून तिनं फ्रॉकनं एकेक बटण पुसलं.

संध्याकाळी दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप खोलला. "नारळपाणी पाजलं का, भाऊ? बोर्ड गेला. आतलंही काही निघणार नाही."

दुसऱ्या दिवशी सोमनाथ ड्युटी बुडवून निकिताबरोबर शाळेत गेला. "मॅडम, शाळेचा कॉम्प्युटर द्या. तुमच्यासमोर पुन्हा करील ती."

"कॉम्प्युटरच्या खोलीची चावी मोठ्या सरांकडे आहे, आणि सर गावाला. नावं आजच कळवायचीत." मॅडम निकिताकडं न बघता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू."

"शाळा सातवीपर्यंतच आहे, मॅडम," निकिता म्हणाली.

मॅडम वर्गात गेल्या. बापलेक व्हरांड्यातून निघाले. कॉम्प्युटरच्या खोलीच्या खिडकीशी निकिता थांबली. आत ओळीनं कॉम्प्युटर बसलेले. प्रत्येकाला ताजा हार, प्रत्येकावर कुंकवाचा टिळा. टिळा प्लॅस्टिकच्या कव्हरवर लावलेला. पूजेलाही कव्हर कुणी काढलं नव्हतं. लेकरांच्या नावानं आलेल्या यंत्रांचे या लोकांनी देव केले होते. लांबून हात जोडायचे, शिवायचं नाही.

निकितानं गजाला कपाळ टेकलं.

"पप्पा, यांना काहीच होणार नाही ना?"

"नाही," सोमनाथ म्हणाला, आणि तिचं रिकामं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं.