देवळीपुढचा शब्द

बोरिवलीच्या रवळनाथ चाळीत गाऱ्हाणं घालायचा मान धोंडूकाका परबांचा. आवारातल्या रवळनाथाच्या छोट्या देवळीपुढे उभं राहून ते एकेक वाक्य मालवणीत देवाला सांगत आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देत. लग्न असो, नवी रिक्षा असो, काकांनी देवाच्या कानावर घातल्याशिवाय चाळीत पान हलत नसे.

गेल्या निवडणुकीत काकांनी आपल्या पुतण्यासाठी गाऱ्हाणं घातलं. आईबाप गेलेल्या सुबोधला त्यांनी आणि शकुकाकीनंच वाढवलं होतं. चाळीच्या जमिनीवर प्रीतमशेठचा डोळा आहे, सुबोध ती जाऊ देणार नाही, त्याचा शब्द तो माझा शब्द, असं काका देवाला म्हणाले. चाळीनं डोळे मिटून मतं दिली आणि पोरगा आमदार झाला.

प्रीतमशेठ म्हणजे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जिथे क्रेन दिसेल तिथला मालक. राजकारणात येऊन त्याला जेमतेम एक निवडणूक झाली होती. दुकान थाटावं तसा त्यानं पक्ष थाटला, आणि मुख्यमंत्री व्हायला माणसं कमी पडली तेव्हा सरळ दुसऱ्यांची फोडली. पेपरवाल्यांनी चार दिवस बोंब मारली, मग शपथविधीच्या पुरवण्या काढल्या.

फुटलेल्यांत सुबोध आहे हे काकांना टीव्हीवर कळलं. शेठच्या खुर्चीमागे तो हसत उभा होता, काकांनीच गणपतीत घेतलेलं जाकीट घालून. काकांना राग नंतर आला, आधी लाज वाटली. शेजारचा खंडू दुसऱ्या दिवशी त्यांना बघून पाठ फिरवून घरात गेला.

मग एका सकाळी सुबोध आला.

“काका, साहेब आपल्या देवळीत येतायत. गाऱ्हाणं तूच घालायचंस.”

“आणि चाळ?”

“ती आज ना उद्या पडणारच ना रे. साहेबांबरोबर राहिलो तर आपलं तरी भलं होईल.”

“आपलां म्हणजे कोणाचां?”

सुबोधनं मोबाईल काढला आणि त्यातच बघत राहिला.

“तुमी जाव नकात,” तो गेल्यावर काकी म्हणाली.

“मान माजो आसा, तेंचो नाय,” काका म्हणाले आणि धोतर शोधायला लागले.

साहेब आले. कॅमेरे आले, चाळही आली. मुख्यमंत्री फुकटात बघायला कोणाला नको असतो? मालवणीतलं ओ की ठो न कळणाऱ्या शेठला सुबोधनं दोनच शब्द पढवले होते. काकांनी नारळ ठेवला, हात जोडले.

“बा देवा रवळनाथा, आज तुज्या दारात राज्याचो धनी इलो हा.”

“व्हय म्हाराजा,” चाळ म्हणाली. शेठ सगळ्यांत मोठ्यांदा.

“ह्यो सुबोध ह्याच चाळीत लहानाचो मोठो झालो.”

“व्हय म्हाराजा.”

“तेच्यासाठी मी तुज्या म्होरं शब्द दिलंय, ह्यो आमकां विकूचो नाय म्हणान.”

“व्हय म्हाराजा.” आवाज निम्मे झाले. सुबोधनं मान वर केली.

“तो शब्द तेणा मोडल्यान.”

खंडू तेवढा ठणकावून ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. शेठनंही हसून साथ दिली.

शाप द्यायचा असं काका ठरवून आले होते, पण लहानपणी तापात फणफणलेलं ते पोर आठवलं आणि जीभ रेटेना. त्यांनी सुबोधकडे पाहिलं. आता तरी त्यानं काका म्हणून हाक मारावी, एवढीच त्यांची आशा होती.

“देवा, आजपासून ह्यो माजो कोण नाय,” ते म्हणाले.

चाळ गप्प. खंडूसुद्धा गप्प.

“व्हय म्हाराजा,” कॅमेऱ्याकडे बघत शेठ एकटाच खणखणीत म्हणाला, आणि कोणी साथ देत नाही म्हणून त्यानं सुबोधकडे वळून पाहिलं.

सुबोधनं काकांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. मग त्यानं हात जोडले आणि खाली बघत तोही म्हणाला, “व्हय म्हाराजा.”